नळाच्या रांगेतला तुटका पाटा

आमच्या गावाला पुराचा धोका आहे हे मला तहसीलच्या एका साहेबांकडून अधिकृतरीत्या कळलं. ऐन मे महिना होता. साहेब टँकरच्या पाण्याचा दुसरा ग्लास संपवत होते आणि ग्रामपंचायतीच्या ओसरीत बसलेलं अर्धं गाव त्या ग्लासाकडे बघत होतं. मागून एक म्हातारबा म्हणाले, "साहेब, इथं प्यायले पाणी नाही, बुडायले कुठून आणसान?" सगळे हसले. मीही हसले. मी सरपंच होते, मला हसायला नको होतं, पण आलेलं हसू दाबणं मला जमत नाही.

साहेबांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. आमचं गाव चढावर वसलंय. वरच्या अंगाला शाळा, विहार आणि पाण्याची टाकी, खालच्या अंगाला नाला. पैनगंगा तुडुंब झाली की ती आमच्या नाल्याचं पाणी आत घेत नाही आणि नाला मागे फिरून गावात येतो. मी आणि माझा नवरा वर, शाळेजवळ राहतो. सासूबाई खाली, नाल्याच्या काठच्या जुन्या मातीच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. वर राहायला या म्हणून आम्ही दरवर्षी म्हणायचो आणि दरवर्षी त्या एकच उत्तर द्यायच्या, "गावाची सरपंच तू. माह्या घराची मी."

आता माझ्याबद्दल एक सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं. मला खोटं बोलता येत नाही. हा गुण म्हणून सांगत नाही, आमच्या घरात तो आजार धरतात. नणंदेला बघायला पाहुणे आले होते. जेवण झाल्यावर त्यांनी कौतुकानं विचारलं, स्वयंपाक कोणी केला? मी म्हटलं, मी. सोयरीक मोडली. पोरगी पुढे चांगल्या घरी पडली, पण आत्याबाई महिनाभर माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. बाईची राखीव जागा निघाली तेव्हा गावानं मला निवडून दिलं तेही याच आजारापायी. प्रचारात मी एवढंच सांगितलं होतं की नळ रोज येणार नाही. तो आला नाही. माझा शब्द खरा ठरला म्हणून गावात माझी पत वाढली.

नळाचं सांगायलाच हवं. टाकी वर आहे, पण पाइप जुने, त्यामुळे विहाराजवळच्या एकाच तोटीला पाणी येतं. तेही वीज असेल, मोटर चालू असेल आणि मोटर चालवणारा शुद्धीत असेल तेव्हा. कधी चार दिवसांनी, कधी आठवड्यानं. रांगेत एवढे दिवस माणूस कसं उभं राहणार? म्हणून आमच्याकडे वस्तू उभ्या राहतात. कोणाची फुटकी घागर, कोणाची एकच चप्पल, आत्याबाईंच्या शेजारणीची तळ गेलेली बादली. आणि सगळ्यात पुढे, तोटीच्या बरोबर खाली, आत्याबाईंचा तुटका पाटा. वरवंटा कधीच हरवला होता, पाटाही अर्धाच होता, पण गावात पहिला नंबर त्याचा. कधीपासून, ते कोणालाच आठवत नव्हतं. आमच्या गावात शेताचे धुरे-बांध सरकतात, कुंपणं सरकतात, पण नंबराच्या वस्तूला कोणी हात लावत नाही. कुत्रंसुद्धा तिथे वळसा घालून जातं.

नळ आला की शाळेतली पोरं ओरडत सुटायची आणि आत्याबाई पितळी गुंड कमरेवर घेऊन खालून निघायच्या. गुडघे दुखायचे, चढ मोठा, त्यात त्या सावकाश. सगळं गाव भरल्या नळाखाली रिकामी भांडी घेऊन त्यांची वाट बघत उभं राहायचं. पाणी वाहून जायचं. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, तुमचा गुंड मी भरून आणते. त्या म्हणाल्या, "तुहा नंबर कोणता?" माझा एकतिसावा होता. विषय संपला.

तर आपत्ती व्यवस्थापन समिती झाली आणि सरपंच म्हणून मी तिची अध्यक्ष झाले. सामान आलं. विजेवर चालणारा भोंगा. पाऊस आला की आमच्याकडे आधी वीज जाते, हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, भोंगा मंजूर आहे, बॅटरी मंजूर नाही. हातात धरून बोलायचा कर्णा, जाड दोर, लाइफ जॅकेटं आणि एक स्ट्रेचर आलं. कपाटाची चावी ग्रामसेवकाकडे आणि ग्रामसेवक मंगळवारी येणार, म्हणजे आपत्तीनंही मंगळवारीच यायला हवं होतं. स्ट्रेचर लांबीला जास्त म्हणून कपाटात मावेना. ते बाहेर राहिलं आणि त्या उन्हाळ्यात गावातल्या निम्म्या कुरड्या त्याच्यावर वाळल्या.

पावसाळ्याआधी साहेबांनी रंगीत तालीम ठेवली. त्यांना एक बुडालेला, एक जखमी आणि एक मेलेला हवा होता. बुडायला पाच-सहा जण तयार झाले, त्यावरून भांडण झालं. मरायला कोणी तयार होईना. ज्याला धरून आणला त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "लगन आटपू द्या साहेब, मंग म्हणसान तितक्या खेपा मरतो." शेवटी मेलेला रद्द केला. जखमी व्हायला आत्याबाईंची शेजारीण हौसेनं पुढे आली. तिच्या कपाळाला पट्टी बांधून वर लाल शाई ओतली. ती पट्टी तिनं पुढच्या आठवडी बाजारापर्यंत सोडली नाही आणि मुकुटबनच्या त्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं, "पुरात लागलं व माय." रणरणत्या उन्हात.

सगळी तयारी झाल्यावर साहेबांनी कर्णा माझ्या हातात दिला. म्हणाले, ओरडा, पूर आला आहे, सर्वांनी घरं सोडा. मी म्हटलं, आलेला नाही. ते म्हणाले, मॅडम, समजायचं आहे. मग मी कर्ण्यातून गावभर ओरडत गेले, "पूर आलेला नाही! पूर आला असं समजून घराबाहेर निघा!" साहेबांनी कपाळाला हात लावला, पण लोक निघाले, कारण शेवटी चहा होता. निघाल्या नाहीत त्या फक्त आत्याबाई. उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत त्यांनी विचारलं, "नाही आला नं?"

"नाही आला, आत्याबाई. पण समजून घ्या नं."

"समजलं. नाही आला. मंग बसतो मी."

तालमीचा चहा नाल्याकाठच्या कडुनिंबाखाली झाला, कारण सावली तिथेच होती. चिवडाही होता. साहेबांनी भाषण केलं, फोटो निघाले. आपण सगळे तयार झालो, असं मलाही वाटलं.

पूर आला तो गुरुवारी. दोन-तीन दिवस झड लागली होती, सूर्य म्हणून दिसला नव्हता. वीज पहिल्याच दिवशी गेली, तिच्याबरोबर भोंगा गेला. सकाळी भाकरी थापायच्या वेळेला माझा नवरा खालून पळत आला. "नाला उलटा फिरला," तो म्हणाला आणि तसाच आईकडे परत पळाला. हात पिठाचेच ठेवून मी निघाले.

कपाटाजवळ समितीचे सदस्य जमले होते आणि कुलूप फोडावं का यावर चर्चा चालली होती. एकाचं म्हणणं, ठराव घेतल्याशिवाय सरकारी कुलपाला हात लावला तर उद्या कोण निस्तरणार? मी शेजारचा दगड उचलून कुलूप फोडलं आणि म्हटलं, ठराव नंतर लिहा. कर्णा काढला तर तो बोलेना. त्यातले सेल कोणीतरी आधीच काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले होते. घड्याळ मात्र अगदी बरोबर चालत होतं.

मग मी तशीच ओरडत खाली गेले आणि जे पाहिलं त्यानं माझं डोकं फिरलं. खालचं सगळं गाव घरं सोडून बाहेर पडलं होतं, शिस्तीत, पोराबाळांसकट, आणि नाल्याकाठच्या कडुनिंबाखाली जाऊन उभं राहिलं होतं. पाणी त्यांच्या घोट्याला लागत होतं. तालमीत जिथे जमलो तिथेच जमायचं, असं त्यांचं म्हणणं. शेजारीण कपाळाला हात लावून पुढे आली, "सरपंचबाई, या खेपीही मीच जखमी का?"

"वर चला! सगळे वर चला!" मी किंचाळले.

"चहा झाला का निघतो," एक जण म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. तालमीत तसंच झालं होतं.

चहा वर आहे, एवढं म्हटलं असतं तर सगळे हलले असते. पण वर चहा नव्हता आणि माझी जीभ वळेना. पुराच्या पाण्यात उभी राहून मी विचार करत होते. मग शेजारणीच्या दंडाला धरून तिला वर पिटाळलं. "पळ, विहारात जा, चूल पेटव अन् चहा ठेव. आत्ताच्या आत्ता." ती पळाली. ती चढाच्या मध्यावर गेली तेव्हा मी लोकांकडे वळून म्हटलं, "चहा विहारात होऊन राह्यला." आता ते खरं होतं. अख्खा कडुनिंब रिकामा झाला. जखमीसाठी आणलेलं एक स्ट्रेचर तेवढं मागे राहिलं, ते तरंगायला लागलं होतं.

मी मोजून बघितलं नाही, पण कोण नाही ते मला लगेच कळलं.

आत्याबाईंच्या अंगणात पाणी गुडघ्याला लागत होतं आणि उंबऱ्यावरून आत शिरत होतं. त्या बाजेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, हात घराच्या मधल्या लाकडी खांबाला गुंडाळलेले. माझा नवरा समोर पाण्यात उभा होता. त्याच्या मनगटावर दातांचे वळ होते. त्यानं त्यांना उचलायचा प्रयत्न केला होता.

"आई, चाल नं वो," तो विनवत होता.

"मी नवरी होऊन आली तवापासून हा नाला पाहून राह्यली. पाणी उंबऱ्याले पाय लावते अन् जाते. जा तुमी दोघं."

"तुले सोडून मी जात नाही."

"मंग बस."

आणि तो खरंच बाजेच्या कडेला बसला. मायलेक दोघं एका खांबाला धरून बसलेले, आणि मागच्या भिंतीच्या बुडातून मातीचा लोंढा सुटलेला मला दिसत होता. ती भिंत फार वेळ उभी राहणार नव्हती. मी समजावलं, ओरडले, पाया पडले. पैनगंगा कशी भरली, नाला का फिरला, साहेबांनी काय सांगितलं होतं, सगळं खरं खरं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. माझं खरं त्यांना इतकं सवयीचं झालं होतं की त्याचा काही उपयोग उरला नव्हता. मला भीती वाटली. गावाची नाही, सरपंचपदाची नाही. मी एकटी वर जाईन आणि मागे हे दोघं नसतील, याची.

तोंडातून शब्द कसे आले, मला माहीत नाही.

"आत्याबाई, तुमचा नंबर गेला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शेजारीण वर गेली नं. तिनं तुमचा पाटा मागं सारला. तिची बादली पहिली लावली. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

आत्याबाईंनी खांबाचे हात सोडले. बाजेवरून पाय पाण्यात टाकले, कोपऱ्यात तरंगत असलेला गुंड धरला, त्यातलं पाणी ओतून टाकलं, कमरेवर घेतला आणि निघाल्या. माझ्या नवऱ्यानं हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. भर पावसात, गुडघाभर पाण्यातून, रिकामा गुंड घेऊन बाई नळावर निघाली आणि मागे आम्ही दोघं. नेहमी अर्ध्या चढावर त्या दम खायला थांबायच्या. त्या दिवशी थांबल्या नाहीत. आम्ही शाळेच्या कुंपणापाशी पोचलो तेव्हा मागून धप्प असा आवाज आला. नवऱ्यानं वळून पाहिलं. मी पाहिलं नाही. आत्याबाईंनीही नाही.

तोटी कोरडी होती. पाटा जागच्या जागी होता, पहिला, पावसानं धुऊन निघालेला. त्याच्या मागे शेजारणीची बिनबुडाची बादली, तिच्या मागे घागर, चप्पल, सगळं जिथल्या तिथे. मी शिव्या खायची तयारी करून उभी राहिले. आत्याबाईंनी पाट्याकडे पाहिलं, गुंड त्याच्यावर ठेवला आणि विहारात जाऊन भिंतीला टेकून बसल्या. शेजारणीनं त्यांना चहा दिला. त्यांनी घेतला.

पाणी संध्याकाळी उतरलं. खालच्या बऱ्याच भिंती बसल्या, आत्याबाईंच्या घराचा तर तो खांब तेवढा राहिला. माणूस एकही गेलं नाही. पण गावात चर्चा पुराची झालीच नाही. चर्चा झाली ती शेजारणीनं पाटा सारला की नाही याची. माझ्या नवऱ्याच्या तोंडून कुठेतरी निसटलं होतं आणि बातमी तिच्या कानावर गेली. ती थेट ग्रामसभेत उभी राहिली. "माहं घर पडलं तं पडलं, त्याचं काही नाही. पण मले नंबर चोर म्हटलं!" लोक गंभीर झाले. घर पडणं समजू शकतं, पण हा आरोप फार मोठा. मी उठून सांगितलं की मी खोटं बोलले. यावर कोणाचाच विश्वास बसेना. सरपंचबाई खोटं बोलत नाही, म्हणजे पाटा सारला असणारच, असं म्हणणारे दोघं-चौघं निघाले. मी जितकं नाही म्हणत होते तितकी ती बिचारी फसत होती. शेवटी मी सगळ्यांसमोर तिच्या पायाला हात लावला तेव्हा ती बसली. महिनाभर मात्र ती माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलली.

मग साहेब आले. इतक्या लवकर अख्खं गाव वर कसं हललं, याचं त्यांना नवल वाटत होतं. मी सांगितलं, काहींना चहानं, एकीला पाट्यानं. त्यांनी ते ऐकलं आणि लिहिलं, "प्रभावी जनजागृती." मग त्यांनी पुढच्या तालमीला चहा वर विहारात ठेवायचं मान्य केलं. आमच्या समितीनं घेतलेला तो एकमेव शहाणा निर्णय.

आत्याबाई आता आमच्याकडेच असतात, शाळेजवळ. तोटी इथून दगडाच्या टप्प्यावर आहे, तरी नळ आला की त्या पूर्वीइतकाच वेळ लावून जातात आणि गाव वाट बघत उभं राहतं. मी त्यांची माफी मागायची राहिली होती. एका दुपारी त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी जवळ बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. पाटा कोणी सारला नोहोता."

"मालूम हाय."

"वर गेल्यावर समजलं नं तुमाले."

"वर जाऊन काय समजाचं? माह्या पाट्याले हात लावाची तिची हिंमत हाय का? तिचीच काय, गावात कोणाची नाही." त्यांनी एक खडा बाजूला टाकला.

"मंग उठल्या काहून?"

त्यांनी मांडीवरच्या सुपातला हात थांबवला. "तू लगन होऊन आली तवापासून एक खोटं बोलली नाही. माही भाजी आळणी झाली तं तोंडावर आळणी म्हटलं. पोरीची सोयरीक मोडली, पण खोटं बोलली नाही. अन् त्या दिवशी पाण्यात उभी राहून खोटं बोलून राह्यली होती. ओठ थरथरून राह्यले होते तुहे. म्हटलं, हे बाई खोटं बोलली म्हणजे पाणी खरंच आलं. आता उठलं पायजे."

मला एकदम त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण मांडीवर तांदूळ होते. मग मी विचारलं, "पण मंग गुंड कायले घेतला होता सोबत?"

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिला सरपंच कोणी केलं.

"अन् नळ आला असता तं?"